किती शब्द येतात, की काय वाचता येतं?

मालगुंड म्हटलं की मराठी माणसाला केशवसुत आठवतात. पण गणपतीपुळ्याच्या शेजारच्या या गावाचा, आणि जयगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या साऱ्या किनाऱ्याचा, इंग्रजीशी आणखी एक जुना संबंध आहे. तो पोटापाण्याचा. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर कामाला गेली. आता मुली नर्सिंग करून परदेशाची तयारी करतात. दोघांच्याही वाटेत एकच फाटक उभं असतं : इंग्रजीची परीक्षा. शब्द किती येतात, वाचलेलं किती कळतं, याचं मोजमाप झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चीन आणि तैवानमधले इंजिनियर, खलाशी, वैमानिक, बँकवालेही याच फाटकातून जातात, आणि या परीक्षांवर जगात जो विचार झाला आहे त्यातला काही त्यांच्याकडे पाहून झाला आहे.

पुढचा संवाद कल्पित आहे. उभी हयात डेकवर काढून निवृत्त झालेले एक सारंग आणि इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई, असे दोघे त्यात बोलतात. माणसं कल्पित असली तरी वाद खरा आहे.

सारंग : बाई, आमच्या वाडीतल्या एका पोराला इंग्रजीत 38 मार्क पडले. खलाशी म्हणून जायचं तर आधी जीपी रेटिंगचा कोर्स, आणि त्याला दहावीत किंवा बारावीत इंग्रजीला कमीत कमी 40 टक्के लागतात. दोन मार्कांसाठी पोरगा घरी बसला. पाण्याला भीत नाही, सगळ्या गाठी येतात, होडीचं इंजिन उघडून परत जोडतो. डेक घासायला आणि दोर ओढायला इंग्रजी कशाला?

बाई : दोर ओढायला नको असेल, काका. पण बंद टाकीत उतरायचं तर परमिट वाचायला हवं की नको? आतली हवा तपासली का, कधी तपासली, परवानगी किती वाजेपर्यंत आहे, हे सगळं त्यावर असतं. न वाचता उतरणारा गुदमरतो आणि त्याला काढायला धावणाराही गुदमरतो. हे तुम्हीच मला सांगितलंय.

सारंग : सांगितलंय, आणि पुन्हा सांगेन. पण शाळेच्या पेपरात परमिट कुठे असतं? धडा असतो, कविता असते, पत्र असतं. त्यात 38 मिळाले म्हणून त्याला परमिट कळणार नाही आणि 80 मिळालेल्याला कळेल, हे कशावरून? 80 वालेही माझ्या हाताखाली येऊन गेलेत. पाठ केलेलं पत्र सुरेख लिहितील, पण रंगाच्या डब्यावरची सूचना वाचून दाखव म्हटलं की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघणार.

बाई : म्हणजे परीक्षा नको असं तुमचं म्हणणं नाही. चुकीची परीक्षा नको.

सारंग : बरोबर. जे काम, तेच वाचायला द्या. मस्टर लिस्ट द्या. आगीचा भोंगा वाजला तर माझी जागा कुठली आणि हातात काय घ्यायचं, हे तिच्यावरून सांगता आलं की पास. परमिट द्या, रसायनाची माहितीपत्रिका द्या. बाकीचं इंग्रजी हौस म्हणून शिकावं, त्यासाठी कोणाची नोकरी अडवू नये.

बाई : इथे मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. मस्टर लिस्ट चार वेळा पाहिली की पाठ होते. पाठ झालेला कागद माणूस वाचत नाही, नुसता ओळखतो. कंपनी बदलली, फॉर्म बदलला, नवं रसायन बोटीवर आलं की त्याची परीक्षा होते. तेव्हा जहाजाचे शब्द कामाला येत नाहीत. ते मुलांना लवकर येतात, कारण वस्तू समोर असते. अडतात ते बारके शब्द. 'अनलेस', 'एक्सेप्ट', 'प्रायर टू', 'नो लेटर दॅन'. सूचनेतला धोका नेमका याच शब्दांत असतो, आणि ते कुठल्याही एका धंद्याचे नाहीत.

सारंग : मग किती शब्द आले म्हणजे पुरे? आकडा सांगा.

बाई : आकडा काढायचा प्रयत्न शंभर वर्षं चाललाय, आणि त्याची एक सुरुवात आपल्याकडचीच आहे. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होता. बंगाली मुलं इंग्रजी शाळेत घालतात आणि बहुतेक मध्येच सोडतात, हे त्यानं पाहिलं. 1926 साली त्यानं बंगालमधल्या द्विभाषिक शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याचा प्रश्न होता की अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्याच्या पदरात काय उरतं. त्याचं उत्तर होतं : वाचन. बोलायला समोर इंग्रज लागतो, वाचायला कागद पुरतो. म्हणून त्यानं मोजक्या शब्दांची वाचनमाला केली, आणि 1953 साली सुमारे 2000 अतिवापरातल्या शब्दांची त्याची यादी निघाली. ती यादी जगभर चालली.

सारंग : 2000 म्हणजे फार नाहीत.

बाई : फार नाहीत, पण पुरतही नाहीत. त्या 2000 शब्दांत साधारण मजकुराचे शंभरातले 80 शब्द बसतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण शंभरात 20 अनोळखी म्हणजे दर पाचवा शब्द अनोळखी. न्यूझीलंडमधले पॉल नेशन यांनी एका सहकाऱ्याबरोबर 2000 साली प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्टीतले शंभरापैकी 20 शब्द अनोळखी ठेवले, तर वाचणाऱ्यांपैकी एकालाही ती नीट कळली नाही. आधाराशिवाय वाचायचं तर शंभरातले 98 शब्द ओळखीचे हवेत, असं त्यांचं मत झालं. पुढे 2006 साली त्यांनी हिशेब मांडला की वर्तमानपत्र किंवा कादंबरी अशा सहजतेनं वाचायला 8 ते 9 हजार शब्दकुटुंबं लागतात. 'वर्क', 'वर्कर', 'वर्किंग' हे एक कुटुंब.

सारंग : आणि आमच्या पोराला किती येतात, हे मोजणार कसं? डोकं उघडून?

बाई : त्याची चाचणी आहे. सर्वांत जास्त वापरातले 14 हजार शब्द घ्यायचे, त्यांचे हजार-हजाराचे 14 थर करायचे आणि प्रत्येक थरातून 10 शब्द विचारायचे. 140 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. एक उत्तर बरोबर आलं की 100 शब्द येतात असं धरायचं. नेशन आणि बेग्लर यांनी 2007 साली ही चाचणी मांडली.

सारंग : थांबा, थांबा. चार पर्याय म्हणालात ना? मग ज्याला एबीसीडी येत नाही त्यानंही डोळे मिटून खुणा केल्या तर चारातला एक बरोबर येणार. 140 चे चार भाग केले की 35. 35 गुणिले 100, म्हणजे साडेतीन हजार. काहीच न येणाऱ्याला साडेतीन हजार शब्द येतात, असं तुमची चाचणी सांगणार!

बाई : हिशेब बरोबर आहे, आणि तो आक्षेप तज्ज्ञांनीही घेतलाय. म्हणून दुसऱ्या तऱ्हेच्या चाचण्या निघाल्या. त्यांत शब्द दाखवतात आणि फक्त 'येतो' की 'येत नाही' एवढंच विचारतात. पण मधेमधे इंग्रजीसारखे दिसणारे खोटे शब्द पेरलेले असतात. खोट्या शब्दालाही 'येतो' म्हणालात की तुमच्या खऱ्या गुणांतून कापणार.

सारंग : ही युक्ती आवडली. बोटीवर भरती करताना मीही हेच करायचो. नसलेल्या हत्याराचं नाव घेऊन 'जा, स्टोअरमधून आण' म्हणायचो. 'असं काही नाही सारंगसाहेब' म्हणणारा पोरगा कामाचा. तासभर शोधत बसणाऱ्याकडे लक्ष ठेवायला लागायचं.

बाई : मग चाचणीचा उपयोग तुम्हाला मान्य झाला म्हणायचा.

सारंग : शोधायला मान्य, अडवायला नाही. डॉक्टर ताप मोजतो तो औषध द्यायला. ताप आहे म्हणून दवाखान्याच्या दारातून हाकलत नाही. आणि शब्द ओळखला म्हणजे मजकूर कळला, हे मला अजून पटलेलं नाही. चिनी माणसांबरोबर काम केलंय मी. एका सेकंड ऑफिसरला इतके इंग्रजी शब्द पाठ होते की तुम्ही चाट पडाल. पण चार ओळींचं सर्क्युलर आलं की घोटाळा.

बाई : त्याला कारण आहे. चीनमध्ये 1987 पासून कॉलेजच्या मुलांना इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा आहे, आणि तिच्यासाठी शब्दांची पुस्तकं पाठ करायची मोठी परंपरा आहे. पुस्तक ए पासून सुरू होतं आणि पहिल्या पानावर 'अ‍ॅबँडन' हा शब्द भेटतो. तिथल्या मुलांचा तो ठरलेला विनोदच आहे : पहिल्याच दिवशी शिकलो 'सोडून देणे', आणि सोडून दिलं.

सारंग : आमच्याकडे तो शेवटचा शब्द, बाई. 'अ‍ॅबँडन शिप' कानावर आलं की यादी संपली.

बाई : चिनी माणसाची आणखी एक अडचण आहे, ती आपल्याला नाही. आपण इंग्रजी शब्द सरळ उचलतो. डॉक्टर, पेशंट, बिल, पेट्रोल, इंजिन, हे शाळेत न जाताच येतात. चिनी भाषा परका शब्द आवाजासकट सहसा घेत नाही, स्वतःचा घडवते. त्यामुळे त्याला इंग्रजी शब्दकोश जवळजवळ शून्यापासून भरावा लागतो. लिपीही निराळी आहे. त्याची नजर अक्षराच्या पूर्ण आकृतीवर वाढलेली, इंग्रजी स्पेलिंगशी तिचं सहज जुळत नाही. आपलं उलट. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचायची सवय, म्हणून आपली मुलं इंग्रजीही खडाखडा मोठ्यानं वाचतात. कळलं काय म्हणून विचारलं, तर गप्प.

सारंग : मोठ्यानं वाचलं की गुरुजी खूश. आमच्या वेळीही तसंच होतं.

बाई : आणि उचललेले शब्द दगाही देतात. आपल्याला 'डिस्चार्ज' म्हणजे पेशंट घरी सोडणं. परदेशी वॉर्डात जखमेच्या नोंदीत तोच शब्द पू किंवा स्राव सांगतो.

सारंग : आणि आमच्यात माल उतरवणं. खलाशाच्या सीडीसीच्या, म्हणजे कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेटच्या, नावातही तोच, तिथे नोकरीतून मोकळं होणं.

बाई : म्हणून एकेका शब्दाचा एकेक अर्थ विचारणारी चाचणी अपुरी, हे मी कबूल करते. पण ती टाकून द्यायला मी तयार नाही. उलट एक सुधारणा मागते. नेशन यांच्या चाचणीची चिनी पर्याय असलेली आवृत्ती आहे. शब्द इंग्रजी, चारही उत्तरं चिनी भाषेत. त्यामुळे मोजला जातो तो विचारलेला शब्द. एरवी होतं काय, की शब्द येत असतो, पण त्याचा अर्थ सांगणारं इंग्रजी वाक्य कळत नाही आणि मार्क जातो. आपल्या मुलांना असे मराठी पर्याय का देऊ नयेत?

सारंग : द्या की. पण बोटीवर परमिटच्या खाली मराठी पर्याय कोण छापणार?

बाई : कोणी नाही. म्हणूनच म्हणते, मोजण्या दोन हव्यात. पहिली शब्दांची, मराठीच्या आधारानं, म्हणजे कुठे उणं आहे ते कळेल. दुसरी वाचनाची, कसलाही आधार न देता, कामाच्या कागदावर. दोन्हींची सरमिसळ केली की मुलगा कुठे अडतो तेच समजत नाही. शब्दांत कमी असलेल्याला आपण उतारे सोडवायला बसवतो, आणि शब्द येणाऱ्याला परत शब्द पाठ करायला लावतो.

सारंग : आता माझ्या वळणावर आलात. कामाच्या कागदावर परीक्षा घेणारी परीक्षा आहे कुठे?

बाई : नर्सेससाठी आहे. ओईटी. ऑस्ट्रेलियात निघाली, आरोग्यसेवेतल्या 12 व्यवसायांसाठी. तिच्या वाचनाच्या पहिल्या भागात एकाच विषयावरचे चार छोटे कागद देतात : औषधाच्या मात्रेचा तक्ता, उपचाराच्या सूचना, असे. 15 मिनिटांत 20 प्रश्न. कुठल्या कागदात काय आहे ते पटकन हुडकायचं, ड्यूटीवर हुडकतात तसं. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलनं 2017 पासून ती मान्य केलीय. तोपर्यंत आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षाच चालायची. त्यातल्या वाचनात 60 मिनिटांत तीन लांब उतारे आणि 40 प्रश्न. उतारा पुरातत्त्वावर येईल, नाहीतर मधमाश्यांवर.

सारंग : मधमाशी चावलेला पेशंट आला तर उपयोग होईल.

बाई : हसू नका. मधमाश्यांचा उतारा ज्याला वाचता येतो तो नवं काहीही वाचू शकतो, हे त्या परीक्षेचं तत्त्व आहे, आणि त्यात तथ्य आहे. विद्यापीठात जाणाऱ्याला तेच हवं. वॉर्डात जाणारीला ओईटी जास्त न्याय देते. चूक होते ती एकीचं माप दुसरीला लावलं की.

सारंग : आणि खलाशाला?

बाई : मार्लिन्सची चाचणी तुम्हाला माहीतच आहे. ऐकणं, व्याकरण, शब्द, वाचन, सगळं जहाजी वातावरणातलं. किती टक्क्यांना पास, ते कंपनी ठरवते.

सारंग : माहीत आहे. तिची उत्तरंही मोबाइलवर फिरतात, तीही माहीत आहेत.

बाई : उत्तरं फिरतात ती प्रश्न तेच राहतात म्हणून. तो दोष ती राबवणाऱ्यांचा आहे.

सारंग : बरं, आता मी एक गोष्ट सांगतो. सेफ्टी मीटिंगमध्ये ती खूप वेळा ऐकलीय. 7 नोव्हेंबर 2007. 'कॉस्को बुसान' नावाची कंटेनर बोट सॅन फ्रान्सिस्को खाडीतल्या ओकलंड बंदरातून निघाली. दाट धुकं. कप्तान आणि सगळा क्रू चिनी, पायलट अमेरिकन. पायलटनं इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या लाल त्रिकोणांबद्दल कप्तानाला विचारलं. ते त्रिकोण पुलाच्या खांबाजवळचे बोये दाखवत होते. कप्तानाच्या उत्तरावरून पायलट समजला की तो पुलाच्या गाळ्याचा मध्य आहे. बोट बे ब्रिजच्या खांबाच्या पायथ्यावर घासली आणि सुमारे 2 लाख लिटर इंधन तेल खाडीत सांडलं.

बाई : म्हणजे इंग्रजी कच्चं असलं की काय होतं त्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत.

सारंग : पुढचं ऐका. अमेरिकेच्या चौकशी मंडळानं पहिलं बोट पायलटवर ठेवलं. तो घेत असलेल्या औषधांचा त्याच्या समजशक्तीवर परिणाम झाला होता. मग दोघांतला अपुरा संवाद आणि कप्तानाची ढिली देखरेख. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली. क्रूची भाषा मँडरिन, आणि कंपनीच्या कामाच्या पद्धतींची पुस्तकं बोटीवर इंग्रजीत. नियम काय म्हणतो? जहाजांच्या सुरक्षिततेचा आयएसएम कोड 1998 पासून लागू आहे. सुरक्षिततेची माहिती क्रूच्या कामकाजाच्या भाषेत किंवा त्याला कळेल अशा भाषेत द्या, असं तो स्पष्ट सांगतो. कचरा टाकण्याच्या नियमांची पाटीसुद्धा क्रूच्या भाषेत हवी. मग मला सांगा, नापास कोण? वाचता न आलेला खलाशी, की त्याला कळणार नाही असा कागद हातात देणारी कंपनी?

बाई : दोघंही. पण एक विचारते. सगळे कागद मँडरिनमध्ये असते, तरी त्या पायलटचं इंग्रजी कप्तानाला मँडरिनमध्ये ऐकू आलं नसतं. बंदरात शिरलात की बाहेरचं जग इंग्रजी बोलतं. आपल्याच देशातलं पाहा. 12 नोव्हेंबर 1996, हरियाणातलं चरखी दादरी. सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर झाली, 349 माणसं गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, आणि त्यांच्या क्रूचं अपुरं इंग्रजी हा मुद्दा चौकशीत निघाला. पुढे वैमानिकांसाठी इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान चौथी लागते.

सारंग : त्या पायऱ्यांत वाचन आहे?

बाई : नाही. ऐकणं आणि बोलणं.

सारंग : म्हणजे जिथे रेडिओवर माणसं मरतात तिथे कानाची परीक्षा. योग्य केलं. कामात जीव कुठे जातो ते पाहून परीक्षा ठरवली. मी तेच म्हणतोय. खलाशाचा जीव टाकीत जातो, दोराखाली जातो, रसायनात जातो. तिथला कागद त्याला वाचायला द्या.

बाई : आणि मी म्हणते, तो कागद आधी न पाहिलेला असू द्या, आणि त्याआधी निदान तीन हजार साधे शब्द पक्के करून घ्या.

सारंग : तीनच हजार? मघाशी आठ-नऊ हजार म्हणत होतात!

बाई : ते वर्तमानपत्र आणि कादंबरीसाठी. खलाशाला तीन हजार साधे, वर त्याच्या धंद्याचे काही शे. हा माझा शिकवणीतला अंदाज आहे, कोणाचं संशोधन नव्हे. तुमच्याशी बोलून मी आकडा खाली आणला, एवढं मान्य करा.

सारंग : मग मीही थोडा पुढे येतो. त्या 'अनलेस' आणि 'प्रायर टू'चं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. डेकवर वाद झाले की नेहमी अशाच शब्दांवर व्हायचे. पण ओझं कोणी उचलायचं, हे सोडणार नाही मी. सगळं ओझं खालच्या माणसाच्याच डोक्यावर का?

बाई : कधीकाळी ते वरच्याच्या डोक्यावर होतं, हे ठाऊक आहे? 1811 साली थॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं कलकत्त्याला इंग्रजी-हिंदुस्तानी जहाजी शब्दकोश छापला. हिंदी खलाशांना हुकूम कसे द्यावेत हे गोऱ्या अधिकाऱ्यांना कळावं म्हणून. सारंग, टंडेल यांची भाषा साहेबानं शिकायची होती.

सारंग : बघा! दोनशे वर्षांत काटा पार फिरला. साहेबाचा कोश गेला आणि खलाशाची परीक्षा आली.

बाई : पण तो शब्दकोशही हुकूम देण्यापुरताच होता. खलाशाचं म्हणणं ऐकायला नव्हता. परीक्षा निदान सर्वांना एक असते. ती नसेल तर भरती कोणाच्या शब्दावर होणार? ओळखीवर, एजंटाला दिलेल्या पैशावर, नाहीतर मुलाखतीतल्या उच्चारावर. मालगुंडचा मुलगा आणि मुंबईच्या कॉन्व्हेंटचा मुलगा समोर बसले, तर तोंड उघडताच निकाल लागतो. वाचनाच्या पेपरात उच्चार दिसत नाही. गावातल्या मुलाला त्यातल्या त्यात न्याय तिथेच मिळतो.

सारंग : हे मात्र मी धरलं नव्हतं. एजंटांचा धंदा मी जवळून पाहिलाय. कागदावरचा मार्क विकत घेणं अवघड, शब्द विकत घेणं सोपं.

बाई : आपल्या गावचंच बघा. केशवसुत मॅट्रिक झाले 1889 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. उशिराच म्हणायचं. पण इंग्रजी कविता त्यांनी अशी वाचली की तिकडचं चौदा ओळींचं सुनीत मराठीत आणून रुजवलं. त्यांचं वाचन कुठल्या परीक्षेनं मोजलं असतं?

सारंग : नसतं मोजलं. पण मॅट्रिकचा कागद नसता तर पुढे शाळेत हेडमास्तरकी मिळाली असती का? कविता वाचनातून आली, पगार परीक्षेतून. पोराला दोन्ही लागतात.

बाई : हे वाक्य मी वर्गात वापरणार.

सारंग : वापरा. पण त्या 38 वाल्याचं काय ते सांगा आधी.

बाई : त्याला बारावीची एक संधी आहे. तोवर मराठी पर्यायांची चाचणी करून कुठल्या थरात अडतो ते काढीन. तुम्ही जुने परमिट, सर्क्युलर, डब्यांवरच्या सूचना, जे असेल ते द्या. आठवड्याला एक कागद. वाचायचा, आणि कागद बाजूला ठेवून काय करायचं ते मराठीत सांगायचं.

सारंग : मराठीत?

बाई : हो. कळलं की नाही ते मातृभाषेत लपवता येत नाही.

सारंग : ठीक. कागद मी देतो. मात्र परीक्षा मी घेणार.

वाद इथे थांबतो. त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की शब्दसंग्रहाची चाचणी उमेदवार कुठे कमी पडतो हे शोधण्यासाठी चांगली आणि त्याला बाहेर काढण्यासाठी वाईट. बाहेर काढायचंच असेल तर ते त्या कामात प्रत्यक्ष वाचाव्या लागणाऱ्या, पण आधी न पाहिलेल्या कागदावरच्या परीक्षेनं काढावं. आणि परीक्षा घेणाऱ्या मालकानं आपले सुरक्षिततेचे कागद कामगाराच्या भाषेत दिले आहेत का, हेही त्याच वेळी तपासलं जावं. आयएसएम कोडात ती अट आहेच, तिची अंमलबजावणी हवी.

आपल्या हातात आहे ते सोपं आहे. इंग्रजी शब्दांच्या चाचणीला मराठी पर्याय देणं हे कुठल्याही तालुक्यातल्या चार-पाच इंग्रजी शिक्षकांना एका सुट्टीत जमेल असं काम आहे. आणि मुलामुलीला 'इंग्लिश क्लास'ला घालणाऱ्या पालकांनी पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : तुम्ही कुठल्या परीक्षेची तयारी करून घेता, आणि तीत काय वाचायला देतात? नमुन्याचा पेपर समोर ठेवू न शकणाऱ्या क्लासला फी देऊ नये.